एडगै बिल्लु

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी आता बऱ्याचशा रिकाम्या आहेत. त्यांतल्या एकीच्या मागच्या आवारात रविवारी सकाळी दोरी सुटल्याचा आवाज येतो. ओलं फडकं एकदाच झटकावं तसा. मग क्षणभर काही नाही, आणि मग चिंध्या भरलेल्या पोत्यात बाण रुतल्याचा धप्प आवाज. वखार बंद होऊन वर्षं लोटली तरी भिंतींचा तंबाखूचा वास गेलेला नाही. नेम धरून उभं राहिलं की तिथं शिंक येते. उपासना आधी शिंकून घेते आणि मगच बाण लावते.

उपासना कांबळे एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. वय सत्तेचाळीस. ती सुई डाव्या हातात धरते, त्यामुळं नवा पेशंट असला की दंड मागं ओढून घेतो.

"ताई, उजव्या हातानं न्हाय जमत व्हय?"

"जमतंय की. पण मग दोनदा टोचावं लागंल."

यावर पेशंट मुकाट हात पुढं करतो.

तिच्या घराच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि समोरच्या भिंतीवर चार धनुष्यं. सगळी जुनी, लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरचे थर एकमेकांना चिकटवून केलेली. त्यांना रिकर्व्ह म्हणतात. साधं धनुष्य टोकापर्यंत एकाच बाजूला वाकतं. याची टोकं मात्र शेवटी मन बदलल्यासारखी उलट्या दिशेला वळतात. दोरी उतरवून ठेवलं तर अख्खं धनुष्यच उलटं झाल्यासारखं दिसतं. ज्याला माहीत नाही तो हमखास ते चुकीच्या अंगाला वाकवून दोरी चढवतो, आणि मग पातं, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, मुरगळतं.

यातलं एक बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यात पडद्याची दांडी म्हणून वापरात होतं. एक खानापूरच्या लाकडाच्या वखारीत फळ्यांच्या थप्पीमागं सापडलं. दुसऱ्यांनी अडगळ म्हणून दिलेलं तिनं घरी आणलं, पुसलं, त्याला दोरी वळली आणि वापरलं. नुसतं टांगून ठेवायला ती काही आणत नाही. ज्यानं बाण जात नाही ते धनुष्य नव्हे, ते लाकूड, असं तिचं म्हणणं.

पण ही चारही उजव्या हाताची. धनुष्याच्या मुठीवर बाण टेकवायला एका बाजूनं खाच कोरलेली असते. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्यासाठी ती डावीकडं असते, आणि डावखुऱ्यासाठी उजवीकडं. जुन्या काळातलं डावखुरं धनुष्य इकडं जवळजवळ मिळतच नाही. म्हणून उपासना उजव्या हातानं मारायला शिकली. चांगली मारते. पण ते परक्याच्या घरी जेवल्यासारखं, पोट भरतं आणि पाठ अवघडलेली राहते.

भिंतीवर पाचवा खिळा होता, रिकामा. तो ठोकून ठेवलेला होता एकाच धनुष्यासाठी.

*

उपासनाची आई तानीबाई. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. सूप मांडीवर, पत्ती बोटांत, आणि बोलणं चालूच. उपासनाही लहानपणापासून तिच्याजवळ बसून वळायची, पण डाव्या हातानं. त्यामुळं तिच्या विडीचं पान दुसऱ्या अंगानं गुंडाळलं जायचं. ठेकेदाराचा माणूस विड्यांचा कट्टा उचलायचा, विडी चिमटीत धरून फिरवायचा. चांगली असली तर म्हणायचा "पास", आणि उपासनाची असली तर न फिरवताच म्हणायचा "छाट". छाट म्हणजे नापास, बाजूला. विडी घट्ट असायची, ओढही नीट असायची. पण वळण उलटं.

मग तानीबाई त्या माणसाच्या आधी लेकीच्या विड्या सोडायची आणि पुन्हा सरळ वळून ठेवायची. कधीकधी डाव्या हातावर चापट बसायची. रागानं नव्हे, दुहेरी कामाचा वैताग म्हणून. "हात हाय का उलथनं गं हे!" असं म्हणायची आणि पुन्हा बोटं चालवायला लागायची.

पुढं उपासना बेळगावला कॉलेजला गेली. तिथल्या खेळाच्या खोलीत कुणा निवृत्त लष्करी माणसानं दिलेली काही धनुष्यं होती. त्यातलं एक कोणालाच जमायचं नाही. खेळाचे सर म्हणायचे, कारखान्यातच चुकीचं बनलंय. खोली सांभाळायला कलगोंडा नावाचे शिपाई होते, संकेश्वरचे, जैन, घरी कानडी बोलणारे. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. एक दिवस उपासनानं ते चुकीचं धनुष्य उचललं, उजव्या मुठीत धरलं आणि डाव्या हातानं दोरी ओढली. मूठ तळव्यात बसली. खाच बरोबर डोळ्यासमोर आली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू तिच्या बाजूनं बनवलेली होती.

आप्पा दारात उभे होते. म्हणाले, "एडगै हुडगी!" डावखुरी पोरगी. तेव्हापासून ते तिला त्याच नावानं हाक मारायचे आणि ते धनुष्य कुलूप लावून वेगळं ठेवायचे.

कॉलेज सुटलं, वडील गेले, नोकरी लागली. थोडी उसंत मिळाल्यावर ती ते धनुष्य मागायला गेली तेव्हा खेळाची खोली दुसरीकडं हलली होती. जुनं सामान मोडीत गेलं होतं आणि आप्पा निवृत्त झाले होते. कुणाला पत्ता माहीत नव्हता. तिथून पुढं तिचा शोध सुरू झाला. त्या शोधात दुसरी चार सापडली, ते सापडलं नाही.

*

मागच्या दसऱ्याच्या आधी गावातल्या एका यूट्यूब चॅनलवाल्यानं तिच्या धनुष्यांचा व्हिडिओ केला. "कुणाकडं जुनं धनुष्य असेल तर कळवा," असं उपासना त्यात म्हणाली आणि घरचा नंबर दिला, कारण प्रयोगशाळेत फोन घेता येत नाही. घरचा नंबर म्हणजे तानीबाईचा.

त्याच सुमारास गल्लीत एकजण फसला होता. जुनं लाइटबिल राहिलंय, आज वीज तोडणार, असा फोन आला आणि बिचाऱ्याचं खातं रिकामं झालं. उपासनानं आईला पढवून ठेवलं होतं, "बिलाचं नाव काढलं की ऐकूनच घ्यायचं नाही. चार शिव्या घालायच्या आणि ठेवायचा." तानीबाईला हे काम मनापासून आवडलं.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आज त्या बिलवाल्याला असा झाडलाय, पुन्हा तोंड वर काढायचा न्हाय."

"कुठला बिलवाला?"

"त्योच की, लाइट तोडतो म्हणणारा. सकाळधरनं तीनदा आला. कानडीत बोलत हुता. हळे बिल्लु, हळे बिल्लु. म्हटलं मुडद्या, माझी लेक महिन्याच्या महिन्याला भरती, जुनं बिल कुठलं काढलंस?"

उपासना हसली. "बरं केलंस."

"वर मला शिवी दिली."

"काय म्हणाला?"

"येडी गाय म्हणाला. येडी गाय बिल्लु. आता गाईचा आन् बिलाचा काय संबंध सांग बघू. मी बी सोडला न्हाय. म्हटलं तुझी म्हस येडी, तुझं खानदान येडं."

उपासनानं हातातला घास ताटात ठेवला.

इथल्या कानडीत लाइटच्या बिलाला बिल्लु म्हणतात. पण धनुष्यालाही बिल्लुच म्हणतात. हळे म्हणजे जुनं. आणि येडी गाय म्हणून कानडीत काही नाही. एडगै आहे. डावा हात.

"आई, तो एडगै म्हणत होता."

"तेच की. येडी गाय."

उपासनानं आईचा मोबाइल घेतला आणि शेवटचा नंबर लावला. पलीकडं एका बाईनं उचलला. ती आप्पांची सून, क्षमा. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आप्पा बोलणार नाहीत. त्यांना मुडद्या म्हणाल्या ना तुमच्या आई. म्हणतात, जिथं शिव्या मिळतात तिथं वस्तू द्यायची नाही. आणि उद्या आमच्या गोठ्याचं छप्पर उतरवायला माणसं येणार. माळ्यावरचं लाकूड सगळं चुलीला जायचंय."

"मी उद्या सकाळी येते. तोवर जाळू नका."

मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. क्षमा म्हणाली, "ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना पण आणा म्हणतायत. बोलणार नाही म्हणतात आणि इथं फोनला कान लावून उभे आहेत."

तानीबाई ऐकेना. "मला येडी गाय म्हणणाऱ्याची मी माफी मागू?"

"अगं तो तसं म्हणालाच नाही."

"पण मला लागायचं ते लागलंच न्हवं?"

"आई," उपासना म्हणाली, "बावीस वर्षं शोधतेय मी ते."

सकाळी तानीबाईच आधी लुगडं बदलून दारात उभी होती.

*

त्या संकेश्वरला पोचल्या तेव्हा गोठ्यावर माणसं चढलेली होती. कौलं एका बाजूला रचली होती आणि वासे खाली यायला लागले होते. आप्पा अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. म्हातारे झाले होते, पण ताठ होते. उपासनाला त्यांनी ओळख दाखवली नाही. तिच्या मागं बघून विचारलं, "ह्याच का त्या?"

"ह्याच."

तानीबाई अंगणाच्या दाराबाहेरच थांबली होती. तिच्या पिढीच्या पायांना ती सवय आहे, कुणी सांगावं लागत नाही. पदर सावरून ती तिथूनच म्हणाली, "क्षमा करा, आप्पा."

"आले, आले!" म्हणत आतून सून ओल्या हातानं बाहेर आली. "काय पाहिजे?"

आधी कुणाला कळलं नाही. मग आप्पा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. "सारखी क्षमा मागू नका हो बाई, तिला सैपाक आहे." मग डोळे पुसत म्हणाले, "आणि आमची म्हस येडी म्हणालात ते खरंच आहे. कालच बादली लाथाडली तिनं."

क्षमानं तानीबाईकडं बघितलं. "आत या की आक्का. दारात का?"

तानीबाईनं लेकीकडं बघितलं. मग चपला काढल्या आणि आत आली.

आप्पांनी माळ्याकडं हात केला. "मोडीत सगळी गेली. हे एक मी मागून घेतलं. म्हटलं, एडगै हुडगी विचारायला येईल."

"मी आलते, आप्पा."

"मी नव्हतो तेव्हा."



जैनाच्या घरात हत्यार नको म्हणून त्यांनी ते घरात न ठेवता गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं होतं. छपरावरच्या माणसानं ते खाली दिलं. उपासनानं दोन्ही हातांत झेललं. मुठीवरची खाच उजवीकडं होती. धूळ होती, कोळिष्टकं होती. आणि दोरी चढवलेली होती, उलट्या अंगानं.

आप्पा अभिमानानं सांगत होते, "दर खंडेनवमीला खाली घ्यायचो, पुसायचो. वाकडं झालं होतं बघ, टोकं मागं फिरली होती. मी जोर लावून सरळ केलं आणि दोरी बांधूनच ठेवली. आता कसं चित्रातल्या रामाच्या धनुष्यासारखं दिसतंय."

उपासनानं धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरलं. खालचं पातं पिळलं होतं. रात्री मान अवघडलेला माणूस सकाळी एका बाजूला बघत चालतो, तसं. इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं ताणलेलं राहिल्यावर दुसरं काय होणार? पण हा माणूस दर वर्षी माळ्यावर चढला होता.

"चांगलं सांभाळलंत, आप्पा," ती म्हणाली.

"एक अट आहे. जीव मारायचा नाही."

"पोत्याला मारते मी."

"पोत्यात उंदीर असतात."

"आधी पोतं हलवून बघीन."

आप्पांनी मान डोलावली. क्षमानं सगळ्यांना चहा दिला.

*

बेळगावात तिच्या ओळखीचे धनुर्विद्येचे एक प्रशिक्षक आहेत. त्यांनी धनुष्य फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "भिंतीला लावा, मॅडम. शोभेल. ताणलंत तर एक दिवस तोंडावर फुटेल."

पाचवा खिळा रिकामाच होता. धनुष्य त्यावर टांगलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि कुणीही तिला चूक म्हटलं नसतं. उपासनानं ते टांगलं नाही. जे ती शोधत होती ते सापडलं खरं, पण ते लाकूड म्हणून नको होतं.

दिवाळीनंतर तिनं काम सुरू केलं. गरम पाण्यात फडकं बुडवायचं, पिळून पात्याला गुंडाळायचं. पाणी फार कढत झालं तर चिकटवलेले थर सुटतील, म्हणून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. पात्यानं ऊब धरली की उलट बाजूला हळूहळू पिळायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत तसंच धरून बसायचं. पिळायला वेळ लागत नाही. धरून बसणं हेच काम. कामावरून आल्यावर ती रोज असं बसायची. हातांना रग लागायची, बोटं पांढरी पडायची. सकाळी बघावं तर पातं पुन्हा थोडं आपल्या जागी गेलेलं असायचं. थोडंच. पूर्ण नाही. रात्री जेवढं सरळ व्हायचं आणि सकाळी जेवढं परत फिरायचं, त्यातल्या फरकावर तिनं अख्खी थंडी काढली.

तानीबाई खाटेवरून बघायची. "त्या लाकडाला शेकतीस. माझा गुडघा दिसत न्हाय व्हय?"

मग दोन फडकी होऊ लागली.

पातं सरळ झालं तेव्हा ऊस तोडणाऱ्या टोळ्या परत निघाल्या होत्या. उपासनानं जाड धाग्याची दोरी वळली. दोरीच्या मधल्या भागावर, जिथं बाण आणि बोटं येतात तिथं, बारीक दोरा घट्ट गुंडाळावा लागतो, नाहीतर दोरी झिजते. हे काम कायम तानीबाईचं. विडीला दोरा बांधून तिची बोटं तयार झालेली. आधीच्या चारही धनुष्यांची गुंडाळी तिनंच केली होती, आणि ती कधी हलली नव्हती.

त्या रविवारी दोघी वखारीत गेल्या. उपासना शिंकली. पोतं काठीनं हलवून बघितलं, कारण शब्द दिला होता. मग दोरी चढवली, बरोबर अंगानं. आधी नुसतं वीतभर ताणलं आणि सोडून दिलं. मग थोडं जास्त. मग बाण लावून अर्धवट ताणलं. धनुष्यानं काही कुरकुर केली नाही. असे काही बाण गेल्यावर डाव्या हाताच्या बोटांखाली काहीतरी सरकलं. तिनं बघितलं. गुंडाळी सैल पडली होती. वेढे उलगडत होते.

तानीबाईचा चेहरा पडला. "माझी गुंडाळी? सुटली?"

तिनं पुन्हा केली, दात लावून घट्ट केली. चार बाणांत पुन्हा सुटली.

उपासना दोरीकडं बघत उभी राहिली. मग तिनं नुसतीच बोटं दोरीवर ठेवून ओढली, सोडली. पुन्हा ओढली. दोरी बोटांवरून सुटताना गिरकी घेते. उजव्या हाताखाली ती एका बाजूला फिरते आणि आईचे वेढे आवळले जातात. डाव्या हाताखाली दुसऱ्या बाजूला फिरते, आणि प्रत्येक बाण एक एक वेढा मोकळा करत जातो.

"आई, उलटं गुंडाळ."

"उलटं?"

"हं. उलटं."

तानीबाईनं दोरा हातात घेतला. बोटं आपोआप सरळच गेली. तिनं तो सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. साठ वर्षांचं वळण एका सकाळी कसं बदलणार? "तूच कर की. तुझाच हात उलटा हाय."

"माझी घट्ट होत नाही. तुझ्यासारखी नाही होत."

तानीबाई भिंतीकडेच्या एका जुन्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "विडी वळून दाव."

"आता?"

"दाव म्हणते न्हवं."

उपासनानं जेवणाच्या डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि डाव्या हातानं वळली. कितीतरी वर्षांनी. पण बोटं विसरली नव्हती. तानीबाई वाकून बघत होती. आजवर तिनं लेकीच्या शेकडो विड्या सोडल्या होत्या, पण त्या वळताना बघितल्या नव्हत्या. तेव्हा वेळच नव्हता.

"आणखी एकदा."

उपासनानं आणखी एकदा वळली.

"अंगठ्यापासनं सुरू करतीस व्हय. असं हाय तर." तानीबाईनं दोरी गुडघ्यावर घेतली, दोरा उलट्या अंगानं लावला आणि हळू, अगदी शिकाऊ बाईसारखी, एक एक वेढा बसवत गेली. मध्ये दोनदा चुकली. स्वतःलाच शिव्या दिल्या. शेवटची गाठ दातांनी आवळली आणि दोरी लेकीला परत दिली.

उपासनानं दोरी चढवली, बाण लावला. या वेळी अर्धवट नाही. डावी बोटं हनुवटीखाली येईपर्यंत पूर्ण ओढलं. पात्यातून बारीक कुठेतरी टिक्क वाजलं. तानीबाई उठून उभी राहिली. प्रशिक्षकांचं बोलणं दोघींनाही आठवलं असणार. उपासना थांबली, पण दोरी परत सोडली नाही. धरून राहिली, सगळी थंडी धरून राहिली होती तशी, आणि मग बोटं मोकळी केली.

ओलं फडकं झटकल्यासारखा आवाज. पोत्यात धप्प.

"खाली लागला," तानीबाई म्हणाली.

"लागला ना."

तानीबाई जवळ आली. दोरीचा मधला भाग तिनं चिमटीत धरला, अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवून बघितला, एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. एकही वेढा हलला नाही.

"पास," ती म्हणाली.

उपासनानं दुसरा बाण लावला.